रात्री पीओई कॅमेरे आपोआप रीस्टार्ट होतात, नवीन अॅक्सेस पॉइंट तर सुरूच होत नाही

सोसायटी_सचिव

सोसायटीत आठ आयपी कॅमेरे आहेत. सहा साधे बुलेट, लेबलवर प्रत्येकी कमाल ७.५ वॅट. दोन व्हेरिफोकल (झूम बदलता येणारे), कमाल १२ वॅट. सगळे आठ पोर्टच्या अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेल्या) पीओई स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या. स्विचला बाहेरचा अडॅप्टर आहे, त्यावर ५२ व्होल्ट, १.२५ अँप लिहिलंय. स्विच, एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि अडॅप्टर मीटर रूममधल्या बंद पत्र्याच्या पेटीत.

दिवसभर काही तक्रार नाही. अंधार पडला की त्रास सुरू. कॅमेरा ६ (मेन गेट, अंदाजे ११० मीटर केबल, व्हेरिफोकल) एकटाच बंद होऊन परत येतो. कॅमेरा ३ पावसात जातो आणि ऊन पडलं की बरा होतो. मधूनच एखाद्या रात्री आठही एकदम काळे होतात आणि दीड-दोन मिनिटांनी परत येतात. कॅमेरे लावणारे म्हणतात केबल सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची) आहे, सगळी बदला. कोटेशनही देऊन गेले.

दुसरं, क्लब हाऊससाठी एक जुना वायफाय अॅक्सेस पॉइंट मिळालाय. त्याच स्विचला लावला तर दिवाही लागत नाही. मल्टिमीटरने तो रिकामा पोर्ट तपासला तर व्होल्टेज जवळजवळ शून्य. पोर्ट गेला असेल का? (तपासताना एक कॅमेरा काढला होता.)

मोठा स्विच घ्यायचा की केबल बदलायची?

निळी_पांढरी

आधी काहीच विकत घेऊ नका. एकाच यादीत तुम्ही तीन-चार वेगवेगळे बिघाड लिहिलेत, त्यांची कारणं एक असतीलच असं नाही.

सोपी फोड अशी. आठही एकदम जातात तेव्हा केबलकडे बघूच नका. आठ वेगळ्या केबली एकाच क्षणी बिघडत नाहीत. तो दोष स्विचचा, अडॅप्टरचा किंवा २३० व्होल्टच्या बाजूचा. एकटा कॅमेरा जातो तेव्हा पोर्ट, केबल, कनेक्टर किंवा कॅमेरा यांपैकी एक.

आता हिशेब. ५२ × १.२५ = ६५ वॅट. त्यातले साधारण ५ वॅट स्विच स्वतःच खातो. उरले ६०. रात्री आयआर एलईडी (अंधारात दिसण्यासाठीचे अदृश्य प्रकाशाचे दिवे) लागल्यावर तुमची मागणी ६ × ७.५ = ४५ अधिक २ × १२ = २४, म्हणजे ६९ वॅट. केबलमध्ये जाणारे दोन-तीन वॅट वेगळेच. दिवसा हेच कॅमेरे निम्म्या किंवा त्याहून कमी वॅटवर चालतात, म्हणून दिवसा सगळं आलबेल. लेबलवरचा आकडा कमाल असतो हे खरं, पण ६० वर ६९ म्हणजे पूर्ण कमाल गाठण्याचीही गरज नाही. शिवाय बंद पत्र्याच्या पेटीत अडॅप्टर तापतो आणि तापलेला अडॅप्टर लिहिलेला पूर्ण करंट देईलच याची खात्री नाही.

स्विचच्या खोक्यावर 'प्रत्येक पोर्टला ३० वॅट' असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. ती एका पोर्टची मर्यादा. आठही पोर्टना मिळून किती, तो आकडा वेगळा असतो आणि बारीक अक्षरात असतो.

तपासणी दिवसाच करता येते, रात्री जागायला नको:

१. प्रत्येक कॅमेऱ्याच्या वेब पानावर डे-नाइटची सेटिंग 'ऑटो'वरून 'नाइट' करा. एकेक करून. स्मार्ट आयआर असेल तर तो बंद करून आयआरची तीव्रता कमालवर ठेवा, नाहीतर उजेडात एलईडी मंद राहतील आणि चाचणी फसेल.
२. दर कॅमेऱ्यानंतर अडॅप्टरचं व्होल्टेज लिहून ठेवा. स्क्रू टर्मिनल असलेली डीसी पिन आणि सॉकेट मध्ये घातलं की चालू असतानाच मोजता येतं. पिन उलट जोडू नका.
३. कितव्या कॅमेऱ्याला व्होल्टेज कोसळतं ते पाहा.

अडॅप्टर ठीक असेल तर व्होल्टेज अर्ध्या-एक व्होल्टाहून जास्त हलणार नाही.

तांबंच_पाहिजे

वरच्या चाचणीला माझं अनुमोदन. पण सीसीए केबल म्हणजे आज ना उद्या डोकेदुखीच. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वाकवली की तुटते, क्रिंप (टोकाला दाबून बसवलेला कनेक्टर) सैल पडतो, आणि ती केबल कॅट५ई किंवा कॅट६ या मानकात बसतच नाही, कारण तिथे तांबंच लागतं. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी दिसली की समजा.

निळी_पांढरी

सीसीए घेऊ नये हे मान्यच. पण लावलेली केबल उपटायची का, हे आकड्यांवरून ठरवावं.

२४ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा मोठा तर तार पातळ) तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. सीसीएचा सुमारे दीडपट, १३ ओहमच्या आसपास. पीओईमध्ये जाताना दोन तारा समांतर आणि येताना दोन समांतर असतात, म्हणून १०० मीटर सीसीएचा जाऊन-येऊन रोध तेवढाच, १३ ओहम. ७.५ वॅटचा कॅमेरा ५२ व्होल्टावर अंदाजे ०.१५ अँप घेतो. पडलं किती? दोन व्होल्ट. कॅमेऱ्यापाशी ५० व्होल्ट पोचले. ८०२.३एएफ या पीओई मानकात उपकरणाने ३७ व्होल्टापर्यंत चालावं अशी अट आहे. म्हणजे साध्या बुलेट कॅमेऱ्याला निव्वळ सीसीएमुळे काही होत नाही.

पीटीझेडची (फिरणाऱ्या, झूम होणाऱ्या कॅमेऱ्याची) गोष्ट वेगळी. २५ वॅटचा पीटीझेड, ९० मीटर २६ गेजची पातळ सीसीए, आणि स्विच ५० व्होल्ट देतोय असं धरा. कॅमेऱ्यापाशी ३७-३८ व्होल्टच पोचतात. ८०२.३एटी या जास्त वॅटच्या मानकातल्या उपकरणाला किमान ४२.५ हवेत. शिवाय व्होल्टेज पडलं की तेवढेच वॅट भरायला कॅमेरा करंट वाढवतो, मग तो ०.६ अँपच्या वर जाऊन पोर्टच कापतो. तिथे केबल बदलण्याला पर्याय नाही.

तांबंच_पाहिजे

ठीक. मग माझा मुद्दा जोडांपुरता. ११० मीटर केबल म्हणजे मध्ये कुठेतरी जोड असणारच, किंवा खांबावर जंक्शन बॉक्समध्ये पीळ देऊन टेप गुंडाळलेली असणार. तो जोड ओहममध्ये सापडतो.

एलईडीवाला स्वस्त लॅन टेस्टर इथे कामाचा नाही. तो तारेतून नावाला करंट सोडतो. एका केसाएवढ्या संपर्कावरही आठही दिवे ओळीने लागतात. त्याऐवजी मल्टिमीटर:

केबल दोन्ही टोकांना काढा (स्विचमधूनही, हे विसरू नका). लांबच्या टोकाला केशरी आणि पांढरी-केशरी या दोन तारा एकमेकींना जोडा, जवळच्या टोकाला त्याच दोहोंमध्ये ओहम मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करा, तो ०.२ ते ०.५ असतो. असंच हिरवी, निळी, तपकिरी. ११० मीटर चांगल्या तांब्याला दर जोडीमागे १८-१९ ओहम यावेत, सीसीएला २८-२९. आकडा कितीही असो, चारही जोड्या जवळपास सारख्या हव्यात. एखादी वेगळी निघाली की दोष तिथेच.

जोडीतली नेमकी कोणती तार वाईट हे काढायचं तर लांबच्या टोकाला तीन तारा एकत्र पिळा. अ आणि ब मधला रोध, अ आणि क मधला, ब आणि क मधला असे तीन आकडे घ्या. पहिले दोन मिळवा, तिसरा वजा करा, दोनने भागा. आला एकट्या 'अ'चा रोध.

कॅमेरा ३ साठी मोजत बसू नका, कनेक्टर उघडून बघा. पावसात जातो आणि उन्हात येतो म्हणजे पाणी. पिनांवर हिरवट थर असेल. पीओईचा डीसी सतत असल्याने ओल्या कनेक्टरमध्ये धन बाजूची पिन भराभर खाल्ली जाते, साध्या डेटा केबलपेक्षा खूपच लवकर. नुसतं पुसून परत लावलं तर पुढच्या पावसात तेच. टोक कापा, तार चकचकीत दिसेपर्यंत मागे या, नवीन आरजे४५ क्रिंप करा. कॅमेऱ्यासोबत आलेलं रबर आणि नळीचं वॉटरप्रूफ झाकण बहुतेक वेळा खोक्यातच पडून राहतं, ते बसवा. कॅमेऱ्याजवळ केबलला खाली झोळ द्या म्हणजे थेंब कनेक्टरकडे न जाता खाली टपकतील. आणि केबलचं आवरण वर कुठे फाटलंय का पाहा. तिथून शिरलेलं पाणी तारांच्या मधून वाट काढत कित्येक मीटर लांब कनेक्टरमध्ये निघतं. तसं असेल तर कनेक्टर कितीही बदला.

गेटवे_४८

अॅक्सेस पॉइंटचं बघतो.

पोर्ट बहुतेक ठणठणीत आहे. मानक पीओई स्विच रिकाम्या पोर्टवर ४८ व्होल्ट ठेवतच नाही. आधी २.८ ते १० व्होल्टांचा छोटा स्पंद सोडून पलीकडे २५ किलोओहमचा रोध आहे का ते चाचपतो. दिसला तर १५ ते २० व्होल्टांवर वर्ग (किती वॅट लागतील ते) विचारतो, आणि मगच पूर्ण व्होल्टेज चढवतो. नंतरही उपकरण साधारण १० मिलिअँप घेत राहिलं नाही तर ३००-४०० मिलिसेकंदांत परत कापतो. मल्टिमीटरला हे स्पंद धड दिसत नाहीत, म्हणून शून्याजवळचा आकडा. मीटर लावून पोर्ट 'मेला' ठरवणं ही फार जुनी फसगत आहे. पोर्ट तपासायचा तर चालू कॅमेरा तिथे दोन मीटरच्या पॅच कॉर्डने लावा. (उलट, रिकाम्या पोर्टवर कायम ४८ व्होल्ट दिसले तर तो स्विच मानक नाही, पॅसिव्ह, म्हणजे न विचारता वीज सोडणारा आहे. त्यात लॅपटॉप किंवा टीव्ही लावायचा विचारही करू नका.)

आता अॅक्सेस पॉइंटच्या पाठीवरचं लेबल वाचा. '२४ व्होल्ट पॅसिव्ह' किंवा नुसतं '२४ व्होल्ट, ०.५ अँप' असं असेल आणि ८०२.३एएफचा उल्लेख नसेल तर उत्तर मिळालं. त्याच्यात तो २५ किलोओहमचा रोध नाही, त्यामुळे स्विच त्याला ओळखत नाही आणि वीज देत नाही. हे बरंच आहे, दिली असती तर ४८ व्होल्टांनी तो जळाला असता.

उपाय दोन. त्याचाच २४ व्होल्टचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारी डबी) लावा: 'लॅन' लिहिलेलं भोक स्विचकडे, 'पीओई' लिहिलेलं अॅक्सेस पॉइंटकडे. उलट लावला तर वीज स्विचच्या पोर्टात जाते. किंवा ८०२.३एएफ घेऊन २४ व्होल्ट पॅसिव्ह देणारा कन्व्हर्टर मिळतो, तो अॅक्सेस पॉइंटजवळ बसवा. पण आत्ता तुमच्या स्विचवर एक वॅटही शिल्लक नाही, तेव्हा इंजेक्टरच बरा.

सोसायटी_सचिव

अॅक्सेस पॉइंटवर '२४ व्होल्ट पॅसिव्ह'च लिहिलंय. त्याच्या पोर्टवर कॅमेरा लावला, चालला. धन्यवाद.

नाइट मोडची चाचणी केली. आधी सहा बुलेट, मग व्हेरिफोकल. सहा झाल्यावर व्होल्टेज ५१. सातव्याला ४६. आठवा नाइटवर टाकला आणि दोन सेकंदांत सगळे रीस्टार्ट.

कॅमेरा ६ ची केबल मोजली. केशरी २९, हिरवी २९, निळी २९, तपकिरी ४६ ओहम. तीन तारांच्या पद्धतीने पांढरी-तपकिरी १४.५ आली आणि तपकिरी ३१.५. गेटच्या अलीकडच्या खांबावर टेप गुंडाळलेला जोड सापडला, अजून उघडलेला नाही.

कॅमेरा ३ च्या कनेक्टरमध्ये हिरवं सापडलं, तो कापून नवा लावला.

निळी_पांढरी

चाचणी स्वच्छ झाली. आठही एकदम जाण्याचं कारण अडॅप्टर, यात आता शंका नाही.

कॅमेरा ६ चं गणित मजेशीर आहे. तुमचा स्विच बहुधा ४-५ आणि ७-८ या पिनांच्या जोड्यांवरून वीज देतो, म्हणजे निळी आणि तपकिरी. निळीच्या दोन तारा समांतर, ७.२५ ओहम. तपकिरीच्या १४.५ आणि ३१.५ समांतर, साधारण १० ओहम. एकूण १७ च्या पुढे. १२ वॅटला, अडॅप्टर ५२ व्होल्टावर असताना कॅमेऱ्यापाशी ४७-४८ पोचतात, काहीच त्रास नाही. अडॅप्टर ४६ वर आला की पोचतात ४१. अजून खाली गेला, ४३ ला आला, तर ३७.५, म्हणजे मानकाच्या काठावर. म्हणून इतर सात तगून राहतात आणि सहा एकटा पडतो. एकट्या अडॅप्टरने किंवा एकट्या जोडाने हे झालं नसतं.

तरीही जोड तसाच ठेवू नका. मीटर मिलिअँपने मोजतो, कॅमेरा ०.३ अँप ओढतो. त्याच टेपमध्ये पांढरी-तपकिरीही आहे. आज कोरड्यात ती चांगली दिसली, वाऱ्या-पावसात दिसेलच असं नाही.

एक बारकावा. असे कॅमेरे बहुतेक १०० एमबीपीएसचे असतात, त्यांचा डेटा फक्त केशरी-हिरवीवरून जातो, म्हणून तपकिरीतल्या असमतोलाचा चित्रावर परिणाम दिसला नाही. हाच जोड केशरीत असता आणि स्विच १-२, ३-६ वरून वीज देणारा असता, तर दोन तारांतल्या असमान करंटने आतला ट्रान्सफॉर्मर संपृक्त होऊन पॅकेट गळले असते. कॅमेरा चालू, चित्र मात्र अडखळतंय, असा बिघाड फार वेळ खातो.

गेटवे_४८

अडॅप्टर बदलण्याआधी स्विचची पाठ वाचा. तिथे पीओई बजेट १२० वॅट असं काही असेल आणि इनपुट ४८ ते ५७ व्होल्ट असेल, तर ५२ व्होल्ट, २.३ अँपचा अडॅप्टर, म्हणजे सुमारे १२० वॅट, चालेल. पिनचा व्यास आणि ध्रुव सारखे हवेत. ५७ च्या वर कधीच नाही. स्विचचंच बजेट ६०-६५ असेल तर मोठ्या अडॅप्टरचा उपयोग नाही, आतले ट्रॅक आणि कंट्रोलर तेवढ्यासाठी बनलेले नसतात. मग स्विचच बदला. रात्रीची कमाल बेरीज ६९, त्यावर पाव हिस्सा राखीव, म्हणजे किमान ९० वॅट बजेटचा घ्या.

मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) घेणार असाल तर एक सापळा. काही स्विच प्रत्यक्ष वापर न बघता वर्गानुसार वीज राखून ठेवतात. वर्ग ० आणि ३ ला १५.४ वॅट. आठ कॅमेऱ्यांना झाले १२३. मग १२० वॅटच्या स्विचवर आठवा कॅमेरा ५ वॅटच घेत असला तरी त्याला नकार मिळतो. सेटिंगमध्ये वाटप प्रत्यक्ष वापरानुसार करा आणि गेटच्या कॅमेऱ्याला प्राधान्य वरचं द्या.

आणि पेटीला जाळी पाडा. वर आणि खाली.

तांबंच_पाहिजे

गेटसाठी: ११० मीटर तसेही मर्यादेबाहेर आहेत. मानक १०० चं, त्यातही ९० पक्की केबल आणि १० पॅच कॉर्ड. स्विचवर 'एक्स्टेंड' नावाचं बटण असेल तर ते लिंक १० एमबीपीएसवर आणून २५० मीटरपर्यंत डेटा ढकलतं. एच.२६५ (व्हिडिओ लहान करण्याची पद्धत) वर ४ एमबीपीएसचा कॅमेरा त्यात सहज बसतो. पण बटणाने तारेचा रोध कमी होत नाही, आणि काही स्विचवर ते सगळ्याच पोर्टना लागू होतं.

स्वस्तातला मार्ग: खांबावरचा जोड कापून नीट वॉटरप्रूफ बॉक्समध्ये इन्सुलेशन डिस्प्लेसमेंटचा (आवरण न सोलता तार दाबून जोडणारा) कपलर किंवा जेल भरलेले कनेक्टर वापरा, आठही तारांना. कपलर कॅट५ई दर्जाचा घ्या. त्यानंतर तपकिरी पुन्हा मोजा, २९-३० वर आली पाहिजे.

टिकाऊ मार्ग: गेटच्या केबिनमध्ये २३० व्होल्ट असतातच. तिथपर्यंत फायबर न्या आणि तिथे चार पोर्टचा छोटा पीओई स्विच ठेवा. याचा मोठा फायदा वळवाच्या विजांना. वीज कडाडली की उघड्यावरून गेलेली लांब तांब्याची तार अख्खा स्विच घेऊन जाते, फायबरमधून काही येत नाही. तांबंच ठेवणार असाल तर दोन्ही टोकांना पीओई सर्ज प्रोटेक्टर लावा आणि ते खऱ्या अर्थिंगला जोडा. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर म्हणजे वाटेतला अजून एक जोड.

बाहेरून नवी केबल ओढलीच तर काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची, सगळी तांब्याची, २३ किंवा २४ गेज. राखाडी पीव्हीसी उन्हाने तडकते.

सोसायटी_सचिव

स्विचच्या पाठीवर 'पीओई एकूण ९६ वॅट, इनपुट ४८-५७ व्होल्ट' आहे. म्हणजे ५२ व्होल्ट, २.३ अँप चालेल ना? आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना सगळे एकदा रीस्टार्ट होतात, तेही याचमुळे का?

निळी_पांढरी

चालेल. ९६ ही स्विचची मर्यादा, अडॅप्टर तिच्यापेक्षा मोठा असला तर बिघडत नाही. ६९ आणि केबलचे दोन-तीन वॅट धरूनही ९६ च्या आत आहात. तरी बसवल्यावर तीच नाइट मोडची चाचणी परत करा. आठही लागल्यावर व्होल्टेज ५१ च्या खाली जायला नको.

इन्व्हर्टरचं अर्धं याचमुळे. पूर्ण लोडवर अडॅप्टर वीज गेल्यावर फार तर १०-२० मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टर बदलायला त्याहून जास्त घेतो. निम्म्या लोडवरचा मोठा अडॅप्टर जास्त तगेल. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असं बटण असतं, ते यूपीएसवर करा, बदल लवकर होतो. तरीही रीस्टार्ट झाले तर स्विच आणि एनव्हीआरपुरता ६०० व्हीएचा संगणकाचा यूपीएस मध्ये टाका.